रेघ न येण्याचा अभिमान

माधवनगरास संध्याकाळी फिरावयास निघालेली आमच्या वयाची माणसे एका ठरलेल्या कट्ट्यावर टेकतात, आणि तेथे राजकारणापासून रक्तदाबापर्यंत सर्व विषयांचा निकाल लागतो. मागील महिन्यात असाच एक निकाल लागला. निवृत्त अधिकारी असलेले आमचे एक स्नेही सांगत होते की, नातवाची चित्रकलेची शिकवणी त्यांनी बंद केली. मुलगा नववीत आहे. एलिमेंटरी झाली, इंटरमिजिएटही झाली. दहावीस त्याबद्दल मिळावयाचे वाढीव गुण पदरात पडल्यासारखेच आहेत. मग त्या कागद-रंगांचे आता काय काम? कोणी मुलाच्या हाताची स्तुती केली तेव्हा ते हसून म्हणाले, "आमच्या घराण्यात ही विद्या नाहीच हो. मला स्वतःला साधी सरळ रेघसुद्धा ओढता येत नाही." बसलेल्या सातही जणांनी आनंदाने माना डोलाविल्या आणि जो तो आपणांस किती कमी येते ते चढाओढीने सांगू लागला. एकाचा हत्ती डुकरासारखा दिसे, दुसऱ्याच्या आकृत्या शाळेत बाकावरचा सोबती काढून देई. आम्हीही हसलो. पण घरी येताना ते हसू घशात अडकल्यासारखे झाले.

आमच्या मनात प्रश्न आला तो असा. त्या सात पदवीधरांपैकी एखादा जर म्हणाला असता की, "मला सही करता येत नाही, मी अंगठा उठवितो," तर कट्टा हसला असता काय? "मला हिशेब येत नाही, मोड मोजून घेण्यास नातवाला बरोबर नेतो," असे कोणी म्हटले असते, तर इतरांनी मान खाली घातली असती. मग रेघ न येणे हे एकच अज्ञान असे कोणते भाग्यवान की, ते सुशिक्षित माणसाने छातीवर पदकासारखे मिरवावे? आमचे म्हणणे स्पष्ट आहे. चित्र काढता न येणे ही नम्रता नव्हे, स्वभाव नव्हे, घराण्याचा दोष तर नव्हेच नव्हे. ती एक प्रकारची निरक्षरता आहे. ती कोणत्याही वयात दूर करता येते, आणि ज्याला येते त्याने ती दूर न करणे हा आळस आहे.

गैरसमज होऊ नये म्हणून आरंभीच सांगतो, प्रत्येकाने चित्रकार व्हावे असे आम्ही म्हणत नाही. पत्र लिहिणारा प्रत्येक मनुष्य हरिभाऊ आपटे होत नाही. म्हणून कोणी लिहावयाचे शिकू नये असे ठरत नाही. आपल्या भाषेनेच या प्रश्नाचा निकाल कधीचा लावून ठेविला आहे. मराठीत चित्र 'काढतात' आणि अक्षरही 'काढतात'. "अक्षर नीट काढ" असे आई मुलास सांगते तेव्हा ती त्याला चित्रकलाच शिकवीत असते. कारण 'क' ची गाठ, 'ळ' चे दोन डोळे आणि 'श्री' चा डौल ही चित्रे नव्हेत तर काय आहेत? समर्थांनी दासबोधात, एकोणिसाव्या दशकाच्या आरंभी, लेखनक्रियेवर एक सबंध समास खर्च केला आहे. अक्षराची गोलाई, ओळींतील अंतर, कागदाची व शाईची निगा यांचा विचार त्या विरक्त पुरुषाला कमीपणाचा वाटला नाही. ज्या हाताने बावन्न अक्षरे काढण्याची अवघड कामगिरी सहाव्या वर्षी पार पाडली, त्या हाताला साठाव्या वर्षी एक तांब्या काढता येणार नाही, हे म्हणणे कोणत्या न्यायाने खरे मानावयाचे?

आणि हे काढणे आपल्या घरात परके तरी कोठे होते? दसऱ्यास पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून मराठी मूल विद्येच्या दारात पाऊल ठेवीत असे. म्हणजे आपल्याकडे विद्येचा पहिला संस्कारच मुळी चित्राने होई. चैत्रात आमची आजी अंगणात चैत्रांगण काढी. गौरीचा पाळणा, सूर्य, चंद्र, शंख, चक्र, कासव, साप, तुळशीवृंदावन, गोपद्म, अशी पन्नासएक चिन्हे ती दोन बोटांच्या चिमटीतून, एकही न विसरता, उकिडवी बसून काढीत असे. तिला कोणी "तुला चित्रकला येते काय?" असे विचारले असते तर ती लाजून आत गेली असती. ठाणे जिल्ह्यातील वारली घरांत लग्नाचा चौक सवाष्णी भिंतीवर लिहीत आल्या. त्या परंपरेतून पुढे जिव्या सोमा म्हसे यांच्यासारखा जगन्मान्य चित्रकार झाला आणि २०११ साली त्यांस पद्मश्री मिळाली. ज्यांना आपण अशिक्षित म्हणत आलो त्यांच्या हातून रेघ सुटली नाही. ती सुटली आमच्यासारख्या शिकलेल्यांच्या हातून.

ती कशी सुटली याचाही विचार करू. १८५७ साली मुंबईत दोन दरवाजे उघडले. मार्च महिन्यात सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून कलाशाळा सुरू झाली आणि जुलैत मुंबई विश्वविद्यालयाची स्थापना झाली. एकाच शहरात, एकाच वर्षी, पाच महिन्यांच्या आत, पेन्सिल आणि लेखणी यांची घरे वेगळी झाली. पुढे शंभर वर्षे मध्यमवर्गाने हुशार मुलगा एका दरवाजाने आत घातला. आणि जो गणितात मागे पडे, ज्याची घराला काळजी वाटे, त्याला दुसरा दरवाजा दाखविला. गंमत अशी की, त्याच १८५७ साली विलायतेत जॉन रस्किन यांनी चित्रलेखनाच्या मूलतत्त्वांवर पुस्तक प्रसिद्ध केले, आणि ते चित्रकारांसाठी नसून सामान्य माणसांसाठी होते. त्यापूर्वी १८५४ पासून ते लंडनच्या कामगार महाविद्यालयात कारागिरांना चित्र काढावयास शिकवीत होते. आणि त्या शिकविण्याचा हेतू सुताराचा चित्रकार करणे हा नसून त्याला पाहावयास शिकविणे हा आहे, असे त्यांचे मत होते. आम्ही इंग्रजी शिकलो, रस्किन यांचे निबंध परीक्षेपुरते पाठ केले, त्यांतील भाषेच्या डौलावर टिपणे काढली; पण त्यांची पेन्सिल मात्र आम्ही उचलली नाही.

आजची स्थिती त्याहून वाईट आहे. कारण आता पेन्सिल मुलाच्या हाती देऊन पुन्हा काढून घेतली जाते. कलासंचालनालयाच्या ज्या दोन परीक्षा मुलांना रेषेची गोडी लागावी म्हणून आहेत, त्यांना घराघरांतून वाढीव गुणांच्या दुकानाची कळा आली आहे. परीक्षेच्या आधी तीन महिने मूल वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र यांचा घोकून घोकून फडशा पाडते. स्मरणचित्रात काढावयाचा फुगेवाला आधीच पाठ केलेला असतो. प्रत्यक्ष फुगेवाला पाहण्याची त्याला गरजच पडत नाही. निकाल लागला की रंगांची पेटी माळ्यावर जाते. आमच्या स्नेह्याने वेगळे काही केले नाही. सगळी आळी जे करते तेच त्याने केले. म्हणूनच हा प्रश्न एका घराचा नाही.

आता पूर्वपक्ष ऐकू. पहिला आक्षेप असा की, चित्रकला ही दैवी देणगी आहे. ती ज्याला असते त्याला असते. या आक्षेपाचे उत्तर शोधण्यास आम्हांला दूर जाण्याचे कारण नाही. सांगलीहून कऱ्हाडकडे जाणाऱ्या आगगाडीच्या वाटेवर किर्लोस्करवाडी आहे. ती ज्यांनी १९१० साली वसविली ते लक्ष्मणराव किर्लोस्कर १८८५ साली मुंबईच्या कलाशाळेत चित्रकला शिकावयास गेले होते. तेथे कळून आले की, त्यांना काही रंगांतील भेद ओळखू येत नाही. देणगीच्या हिशेबाने पाहिले तर प्रकरण तेथेच संपावयास हवे होते. त्यांनी रंग सोडले, रेघ सोडली नाही. यंत्रचित्रलेखन शिकून ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले, आणि ज्याला रेघेने यंत्र मांडता येते त्याला ते लोखंडातही उभे करता येते हे पुढे त्यांच्या नांगराने दाखवून दिले. महाराष्ट्राच्या शेतात जो लोखंडी नांगर चालला, त्याच्या मुळाशी रंग न ओळखणाऱ्या एका माणसाची पेन्सिल आहे. आमच्या कट्ट्यावरील सात जणांपैकी प्रत्येकाला निदान तांबडा आणि हिरवा यांतील भेद कळतो.

त्याच वाडीतून शंकरराव किर्लोस्करांनी १९२० पासून मासिक चालविले. संपादकाने स्वतः चित्रे काढावी यात त्यांना काही कमीपणा वाटला नाही. ती वाडी ज्या औंध संस्थानच्या भूमीवर वसली, त्याचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी राज्यकारभार सांभाळून स्वतः चित्रे काढीत. त्यांचे चित्ररामायण १९१६ साली प्रसिद्ध झाले आणि १९३८ साली त्यांनी यमाईच्या टेकडीवर चित्रसंग्रहालय उभारले. त्याच औंधात वेदांचे भाष्यकार पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर राहत. हे पंडितही पूर्वी मुंबईच्या कलाशाळेत शिकलेले आणि चित्रे काढून पोट भरलेले. एक कारखानदार, एक संपादक, एक राजा आणि एक वेदपंडित! चित्रकला हा चित्रकारांचाच धंदा आहे असे मानणारा काळ सातारा-सांगलीच्या या मातीत आजोबांच्या पिढीपर्यंत तरी नव्हता.

दुसरा आक्षेप नव्या काळाचा आहे. प्रत्येकाच्या खिशात छायाचित्र घेणारा मोबाईल आहे. आज्ञा दिली तर यंत्र क्षणात हवे ते चित्र स्वतःच तयार करून देते. मग हाताने कशाला काढावयाचे? आम्ही उलट विचारतो, मोटार आली म्हणून संध्याकाळचे फिरणे आपण सोडले काय? फिरण्याचा हेतू बुधगावास पोहोचणे हा नसतो. चित्र काढण्याचा हेतूही चित्र मिळविणे हा नव्हे. काढताना जे पाहणे घडते तो आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लिंडा हेन्केल यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, संग्रहालयातील ज्या वस्तूंची लोकांनी छायाचित्रे घेतली, त्या वस्तू त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. उलट कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या २०१६ च्या प्रयोगांत, शब्द लिहून काढण्यापेक्षा त्यांची चित्रे काढणाऱ्यांना ते अधिक स्मरले, आणि चित्रे चांगली होती की वाईट याने फरक पडला नाही. यंत्राला काम सांगितले की डोळा सुटीवर जातो. हाताला सांगितले की तो कामावर येतो.

याचा पुरावा आमच्या आळीतच आहे. येथील एक जुने दुपाखी घर दोन वर्षांपूर्वी पाडले. वारसदार भावांना नव्या घरास जुन्यासारखाच दरवाजा बसवावयाचा होता. दरवाजाची आठवण सर्वांना होती, पण गणेशपट्टीवर नक्षी कोणती होती, फळ्या किती, कडी डावीकडे की उजवीकडे, हे त्या दारातून पन्नास वर्षे ये-जा करणाऱ्या एकासही सांगता येईना. छायाचित्रे शेकड्यांनी निघाली. प्रत्येकात दारासमोर माणसे उभी, आणि दार त्यांच्या पाठीमागे झाकलेले. शेवटी सुतार आला. त्याने कानावरची पेन्सिल काढून फळीवर चार रेघा ओढल्या आणि "असे होते काय?" म्हणून विचारले. दोन्ही भाऊ पदवीधर. एकाने 'हो' म्हटले, दुसऱ्याने 'नाही'. ज्या समाजात सुताराला काढता येते आणि घरमालकाला काढलेले वाचता येत नाही, तेथे अडाणी कोण, हे वाचकांनीच ठरवावे. घर बांधताना नकाशा समजत नाही म्हणून मान डोलावणारे, आणि भिंत उभी राहिल्यावर "खिडकी येथे कशी आली?" म्हणून कपाळावर हात मारणारे किती सुशिक्षित आम्ही पाहिले आहेत! डोळ्याच्या निरक्षरतेचा दंड असा रोख भरावा लागतो.

तिसरा आक्षेप वयाचा. "आता या वयात काय शिकणार?" हे वाक्य आमच्या पिढीने सूर्यनमस्कारापासून संगणकापर्यंत सर्वांना लावून पाहिले आहे. रवीन्द्रनाथ ठाकूर हस्तलिखितात खोडलेल्या शब्दांना आकार देता देता साठीच्या पुढे चित्रकलेकडे वळले. या विद्येचे रीतसर शिक्षण त्यांस नव्हते. १९३० साली पॅरिसमध्ये त्यांचे पहिले प्रदर्शन भरले तेव्हा ते सत्तरीच्या जवळ आले होते, आणि मागे त्यांनी दोन हजारांहून अधिक चित्रे ठेविली. "ते रवीन्द्रनाथ होते," असे कोणी म्हणेल, आणि ते खरे आहे. म्हणून ज्याच्या अंगी कसलीही प्रतिभा नाही अशा एका माणसाचे उदाहरण देतो. तो मनुष्य म्हणजे प्रस्तुत लेखक.

बावन्नाव्या वर्षी, एका आजारपणात वाचनाची बंदी झाली म्हणून, आम्ही प्रथम पेन्सिल हाती घेतली. उशाशी पाण्याचा तांब्या होता. तो काढला तर फुगलेल्या भोपळ्यासारखा झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढला, तिसऱ्या दिवशी पुन्हा. आठवड्याने ध्यानात आले की, तांब्याचे तोंड आम्ही वाटोळे काढीत होतो, कारण ते वाटोळे आहे हे आम्हांला ठाऊक होते. डोळ्याला मात्र ते वाटोळे दिसतच नव्हते, चपटे व लांबट दिसत होते. आम्ही पाहत नव्हतो, आठवीत होतो. बावन्न वर्षे ज्या तांब्याने पाणी प्यालो तो आम्ही कधी पाहिलाच नव्हता! तीस वर्षे विद्यार्थ्यांना 'निरीक्षण करा' म्हणून सांगणाऱ्या प्राध्यापकाला हे ज्ञान देण्यास अर्ध्या रुपयाचा पाठकोरा कागद पुरला. आजही आमचा तांब्या प्रदर्शनात ठेवण्यासारखा होत नाही. पण आमची पत्नी पदर खोचून कामाला लागते तेव्हा तिच्या मनगटाला किंचित बाक येतो, हे लग्नानंतर सव्वीस वर्षांनी, तिचे चित्र काढू लागलो तेव्हा आम्हांला कळले. कशाला लपवावे, त्या दिवशी लाज वाटली.

चौथा आक्षेप जाणकारांचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. सगळेच काढू लागले तर वाईट चित्रांचा पूर येईल आणि अभिरुची बिघडेल, असे ते म्हणतात. वाईट चित्रे निघतील, हे आम्हांला मान्य; आमचीच निघतात. पण अभिरुची त्याने बिघडते की घडते, हे पाहण्यास माधवनगराहून फक्त मिरजेपर्यंत जावे. खाँसाहेब अब्दुल करीमखाँ तेथे राहिले, १९३७ साली त्यांच्या देहाला तेथेच माती मिळाली, आणि दर्ग्याच्या उरुसात रात्ररात्र गाणे ऐकणारा श्रोता त्या गावात तयार झाला. तो आकाशातून पडला नाही. घरी पेटी बडविणारा काका, भजनात बेसूर ओरडणारा शेजारी, सतारीला तारा लावणारा कारागीर, अशांतून तो घडला. स्वतः सूर लावून चुकलेल्यालाच दुसऱ्याचा लागलेला सूर कळतो. आमच्याकडे गाण्याला श्रोता आहे, चित्राला प्रेक्षक नाही, याचे कारण हेच. औंधाच्या संग्रहालयात रविवर्म्याची मूळ चित्रे आहेत, हेन्री मूर यांचे शिल्प आहे. यमाईच्या दर्शनास जाणाऱ्यांपैकी किती जण तेथे पाऊल टाकतात, आणि टाकणाऱ्यांपैकी किती जण एका चित्रासमोर पाच मिनिटे उभे राहतात? ज्याने जन्मात एक नाक काढून पाहिले नाही, त्याला रविवर्म्याने नाक कसे काढले यात काय गोडी वाटणार?

म्हणून आमचे मागणे मोठे नाही. शिकवणी नको, महागडी साधने नकोत, प्रदर्शन तर मुळीच नको. घरात एक वही असावी, आणि रोज पंधरा मिनिटे घरातील वडील माणसाने समोरची एक वस्तू पाहून तीत काढावी. मुलांच्या देखत काढावी, चुकावी, खोडावी आणि पुन्हा काढावी. मोठ्यांना चुकताना पाहणे हे मुलांना क्वचितच लाभणारे शिक्षण आहे. आजींनी चैत्रांगण विकतच्या छापाने उठवू नये. बोटांनी काढावे, आणि नातीला, तसेच नातवालाही, शेजारी बसवावे. शाळांनी चित्रकलेचा तास गणिताच्या जादा तासाला उसना देऊ नये. तो उसना कधी परत येत नाही, हे आम्ही शिक्षकाच्या पेशात राहून सांगतो. आणि पालकांनी एवढेच करावे की, परीक्षा झाली म्हणून पेटी माळ्यावर टाकू नये. स्पेनमधील एका डॉक्टराला आपल्या मुलाने चित्रांचा नाद सोडून वैद्यक शिकावे असे वाटे. मुलगा वैद्यक शिकला, पण पेन्सिल त्याने सोडली नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या मज्जापेशी त्याने हाताने काढल्या, आणि सांतियागो रामोन इ काहाल या नावाने त्याला १९०६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. प्रत्येक पेटीत नोबेल नसते, हे खरे. पण कोणत्या पेटीत काय आहे, हे माळ्याला कळत नाही.

कट्ट्यावर आम्ही हे सर्व बोललो नाही. आमचे स्नेही रागीट आहेत आणि नातू त्यांचा आहे. परवा मात्र आम्ही खिशातून एक कोरे पोस्टकार्ड व पेन्सिल काढून त्यांच्यापुढे ठेविली आणि म्हणालो, "आप्पा, समोरचा लिंब काढा." ते म्हणाले, "मला येत नाही हे ठाऊक असून थट्टा करता काय?" आम्ही म्हणालो, "येत नाही हे तुम्हांला कोणी सांगितले?" त्यांनी बराच विचार केला आणि सांगितले की, तिसरीत असताना एका मास्तरांनी पाटी वर्गाला दाखवून सांगितले होते. म्हणजे पासष्ट वर्षे हा मनुष्य एका दुपारच्या हशाला भिऊन राहिला, आणि तेच भय तो आता घराण्याचा वारसा म्हणून नातवाच्या हवाली करीत आहे. पोस्टकार्ड त्यांनी खिशात घातले. त्यावर काही निघाले की नाही, हे आम्ही विचारलेले नाही. पण ज्या वाचकांच्या खिशात असेच एखादे जुने हसू दडलेले असेल, त्यांना आमची विनंती आहे की, हे पान मिटल्यावर समोर जे दिसेल ते, वाईट का होईना, एकदा काढून पाहावे.